नेटवर्कवरून लिनक्सची स्थापना

प्रश्न : वीस सर्व्हरवर रेड हॅट लिनक्स बसवायचे आहे. प्रत्येकासमोर बसणे टाळता येईल का?

उत्तर : येईल. सर्व्हर पीएक्सई पद्धतीने, म्हणजे डिस्कऐवजी नेटवर्कवरून, सुरू केला, की डीएचसीपीकडून (नेटवर्कवर पत्ते वाटणाऱ्या सेवेकडून) त्याला आयपी पत्ता व बूट फाइलचे, म्हणजे सुरू होण्यासाठी लागणाऱ्या फाइलचे, नाव मिळते, ती फाइल बहुधा टीएफटीपीवरून (फाइल पाठवण्याच्या एका साध्या पद्धतीने) उतरते आणि पुढे इन्स्टॉलर किकस्टार्ट फाइल (आधीच लिहून ठेवलेल्या उत्तरांची फाइल) वाचून भाषा, डिस्कचे विभाग, पासवर्ड यांची उत्तरे स्वतःच घेतो. (डेबियन या दुसऱ्या लिनक्समध्ये हे काम प्रीसीड करते.) खरी काळजी डिस्कची घ्यावी : बूटक्रमात (सर्व्हरने कशावरून सुरू व्हायचे, त्या क्रमात) नेटवर्क पहिले राहिले आणि किकस्टार्टमध्ये सर्व विभाग पुसण्याची आज्ञा असली, तर पुढच्या रीस्टार्टला चालता सर्व्हर विनातक्रार कोरा होऊ शकतो, म्हणून नेटवर्क बूट एकदाच होईल, अशी व्यवस्था आधी करावी. किकस्टार्ट फाइलमध्ये पासवर्ड मात्र हॅश स्वरूपातच, म्हणजे मूळ शब्द थेट वाचता येणार नाही अशा रूपात, लिहावा.