कात्री सध्या कपाटातच असू दे

कोल्हापूर

चि. बाळ,

अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले. घर माणसांनी भरलेले होते तोपर्यंत निभावले, पण आजीचा तेरावा झाला, पाहुणे आपापल्या गावी गेले आणि आता दुपारी चार वाजले, म्हणजे आजीच्या चहाची वेळ झाली, की काय करावे तेच सुचत नाही, असे तू लिहिले आहेस. अभ्यासाचे पुस्तक उघडून तासभर त्याच पानावर बसून राहते आणि रात्री फोन हातातून सुटत नाही, हेही कळवलेस. आजीची लुगडी कापून त्यांची वाकळ, म्हणजे गोधडी, शिवायला घेऊ का, असे तू शेवटी विचारले आहेस, त्याचे उत्तर मी आधी देते. वाकळ जरूर शिव, पण सध्या काहीही कापू नकोस.

शिवणवर्गात इतक्या मुली, सुना आणि लेकुरवाळ्या बायका हाताखालून गेल्यावर माझे एक मत पक्के झाले आहे. आमच्या कामात काही गोष्टी उसवता येतात आणि काही येत नाहीत. विणलेली ओळ सोडवून लोकर पुन्हा गुंडाळता येते, घातलेली टीप उसवून कापड होते तसे करता येते, परंतु कात्री एकदा चालली की चालली. ज्याची झोप पुरी होत नाही आणि ज्याचे मन ठिकाणावर नाही, त्याने उसवता येईल असेच काम हातात घ्यावे. म्हणून बेतणे आणि कापणे काही महिने बाजूला ठेव. पायाचे मशीनही सध्या झाकूनच ठेव, कारण जागरणानंतर मशीनवर बसलेल्या बाईच्या बोटातून सुई आरपार गेलेली मी पाहिली आहे.

सुरुवात लोकरीने कर. कोल्हापुरात स्वेटर घालण्याइतकी थंडी किती दिवस पडते, असे तुझे काका म्हणतील आणि ते खरेच आहे, पण आपल्याला स्वेटर करायचाच नाही. हातांना काम हवे आहे, आणि विणकामात दोन्ही हात गुंततात, त्यामुळे फोन आपोआप खाली राहतो. दुकानात गेलीस की फिकट रंगाची, साधी, न फुललेली लोकर माग, कारण गडद किंवा केसाळ लोकरीत नवशिक्याला टाके दिसत नाहीत. सर्व गुंड्या एकाच लॉटच्या आहेत ना, हे वेष्टनावर पाहून घे, नाहीतर अर्ध्यावर रंगाची छटा बदलते. सुया 8 क्रमांकाच्या घे. आपल्याकडे मिळणाऱ्या सुयांचे क्रमांक उलटे असतात, आकडा जितका लहान तितकी सुई जाड, आणि 8 क्रमांकाची सुई 4 मिलिमीटरची असल्यामुळे ती नव्या हातालाही नीट पकडता येते.

तीस टाके घाल आणि प्रत्येक ओळ सुलटच विण. एक ओळ सुलट आणि एक ओळ उलट अशी वीण दिसायला देखणी असते, पण तिच्या कडा आत वळतात आणि शिकणाऱ्याला वाटते की आपलेच काहीतरी चुकले. सगळ्या ओळी सुलट घातल्या की पट्टी सपाट राहते आणि दोन्ही बाजू सारख्या दिसतात. टाका सुटला तर घाबरू नकोस, क्रोशाच्या सुईने तो खालून ओळीओळीने वर उचलता येतो. पहिले काही दिवस टाके इतके घट्ट पडतील की सुई त्यांत शिरणार नाही. खांदे ताठ ठेवून बसणाऱ्या सगळ्यांचेच तसे होते, त्यामुळे त्यात विशेष अर्थ शोधू नकोस. खांदे सैल सोड आणि पुढची ओळ घे.

रोज चार वाजता दहा ओळी, एवढाच नेम ठेव. मन लागले म्हणून चाळीस ओळी घालू नकोस आणि नाही लागले म्हणून दहाच्या आत थांबू नकोस. येरवड्याच्या तुरुंगात गांधीजी नेमाने सूत कातत असत आणि पेटीत मावणाऱ्या चरख्याला पुढे येरवडा चरखा हेच नाव पडले. त्यामागे देशाचे मोठे कारण होते हे खरे, पण कोंडलेल्या दिवसाला ठरलेल्या कामाचा किती आधार होतो, हे मला त्यावरूनच पहिल्यांदा नीट समजले.

तुला पुरावा लागतो, म्हणून तोही देते. ब्रिटिश जर्नल ऑफ ऑक्युपेशनल थेरपी या नियतकालिकात 2013 साली साडेतीन हजारांहून अधिक विणणाऱ्यांच्या पाहणीचे निष्कर्ष आले होते, आणि जे जितके नेमाने विणत तितके ते स्वतःला शांत आणि आनंदी म्हणवत, असे त्यात दिसले. मात्र ही उत्तरे ज्यांना विणणे मुळातच आवडते त्यांची होती. कंटाळून सुया ठेवून देणाऱ्यांना कोणी विचारले नव्हते, त्यामुळे विणकामाला औषध समजू नये. महिनाभराने झोप आणि भूक सुधारली नाही, किंवा जगण्याचाच वीट येऊ लागला, तर सुया खाली ठेवून सरळ डॉक्टरांकडे जा आणि जाताना मला सोबत ने.

रात्रीसाठी मात्र विणकाम नको, कारण ओळ पुरी करण्याच्या नादात मध्यरात्र उलटते. रात्री घरातले फाटके-उसवलेले कपडे घेऊन बस. भावाच्या शर्टाचे बटण, उशीच्या अभ्र्याची उसवलेली शिवण, आईच्या परकराची नेफ्याजवळची फाट, अशी कामे प्रत्येक घरात पडलेली असतात. दोरा हातभरच घे, लांब घेतला की त्याला पीळ पडून गाठी होतात. एक कपडा झाला की दिवा मालव.

लोक काय म्हणतील तेही सांगून ठेवते. दोन टोपडी झाली की कोणीतरी विकायला काढ म्हणेल आणि कोणी फोटो टाक म्हणेल. माझा विकण्याला विरोध नाही, माझा संसार शिवणावरच उभा राहिला. आपल्या कोल्हापूरजवळच्या गांधीनगरची कापडपेठही अशीच पोटासाठी उभी राहिली. तिथल्या वळिवडे छावणीत महायुद्धाच्या काळात पोलंडहून परागंदा झालेल्या बायका-मुले राहिली, आणि ती गेल्यावर फाळणीत घरदार सुटलेले सिंधी लोक तिथे येऊन वसले व कापडाच्या व्यापारात उतरले. पण त्यांना पोट भरायचे होते आणि तुला सध्या दुपार काढायची आहे. गिऱ्हाइकाची तारीख डोक्यावर बसली की उसवायची मुभा जाते. म्हणून हे वर्षभर कोणाकडूनही पैसे घेऊ नकोस. झालेल्या वस्तू नात्यातल्या एखाद्या बाळंतविड्यात घालून टाक.

आता वाकळ. आजीची लुगडी नऊवारी इरकली आहेत, हे माझ्या चांगले लक्षात आहे. साधारण आठ मीटरचे लुगडे दोनदा दुमडले की दोन मीटर लांबीचे चार थर आपोआप होतात आणि रुंदी एका माणसाला पुरते. म्हणजे कात्री न लावताच वाकळ होते, आणि जुन्या बायका चांगले लुगडे शक्यतो असेच अखंड घालत. इरकलीचा पदर अंगाहून वेगळा असतो. अंगाचा सुती ताणा आणि पदराचा रेशमी ताणा मागावरच एकमेकांत अडकवून जोडलेले असतात आणि जुन्या लुगड्यात हा जोडच आधी विरतो, तेव्हा पदर आतल्या घडीत जाईल अशी दुमड घाल. अगदी विरलेले लुगडे मध्ये, धड असलेले बाहेर. आधी मोठे कच्चे टाके घालून सगळे थर पक्के धर, मग काठापासून आत चौकोनामागून चौकोन धावदोरा घालत जा. दोरा दुहेरी घे, त्याला मेण लाव आणि बोटात अंगुस्तान घाल, कारण इतक्या थरांतून सुई ढकलताना बोट सोलवटते.

दिवाळीनंतर हवा कोरडी झाली की हे काम घेऊ. लुगडी खळ न घालता धुऊन, सावलीत वाळवून ठेव. कोणते लुगडे बाहेर घ्यायचे ते आईला ठरवू दे, कारण तिच्याही सासूची ती आहेत आणि तू पत्रात तिच्याविषयी एक ओळही लिहिलेली नाहीस. वाकळ जमिनीवर पसरून चौघींनी चार बाजूंनी बसायचे काम आहे, म्हणून काकूलाही बोलाव. जाड सुया आणि मेण मी घेऊन येईन, तू फक्त सोप्यातली बाजेची जागा मोकळी करून ठेव आणि कोणता रविवार सोयीचा ते आईला विचारून कळव.

तुझ्या,
शिवणाच्या बाई