आधी त्याचा उजवा कान बघा

ताई, माझा मुलगा पाच वर्षांचा आहे. तिसऱ्या वर्षी ऑटिझमचं निदान झालं. ‘आई’, ‘पाणी’, ‘नको’ असे सात-आठ शब्द बोलतो. दोन महिन्यांपूर्वी एका सेंटरमध्ये ऑक्सिजन थेरपी सुरू केली. चेन लावायच्या मोठ्या पिशवीसारखं चेंबर आहे, १.३ दाबाचं. मी त्याला मांडीवर घेऊन तासभर आत बसते. चाळीस सेशनचं पॅकेज एक लाख वीस हजारांचं, बावीस झाली. आता तो नजर मिळवायला लागलाय, झोपही बरी लागते. आत गेल्यावर पहिली दहा मिनिटं रडतो, मग गप्प होतो. हल्ली उजव्या कानावर सारखा हात मारून घेतो, पण सेंटरवाले म्हणतात ऑटिझममध्ये असं असतंच, सवय होईल. ते म्हणतात पुढची चाळीस सेशन काचेच्या मोठ्या मशीनमध्ये, दीडच्या दाबाने, शुद्ध ऑक्सिजनवर घ्या. मिस्टर म्हणतात एक रुपया देणार नाही, सासूबाई त्यांच्याच बाजूने. मी माझी एफडी मोडायचं ठरवलंय. आईने मुलासाठी एवढं केलं तर तिचं चुकतं का?
– एक आई, नाशिक

तुमचं पत्र चार पानांचं आहे, वर त्यातलं थोडंच छापलंय. मिस्टर काय बोलले ते तुम्ही पानभर लिहिलंत. एफडी कोणत्या बँकेत आहे आणि मुदत कधी संपते तेही लिहिलंत. कानावर एक ओळ आहे, आणि तीसुद्धा ‘पण’ लावून पुढे गेलेली. मी उत्तर त्याच ओळीला देणार आहे.

आजचं सेशन रद्द करा. उद्या सकाळी त्याला कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे न्या. कान तपासल्याशिवाय एफडीचा विषय घरात काढू नका.

चेन लागते आणि कॉम्प्रेसर सुरू होतो, तेव्हा आत काय घडतं ते ऐका. १.३ दाब म्हणजे बाहेरच्या हवेपेक्षा तीस टक्के जास्त, तीन मीटर खोल पाण्यात बुडी मारल्यावर लागतो तेवढा. तुम्ही नाशिकच्या, कसारा घाट तुमच्या पायाखालचा आहे. इगतपुरी सोडून खाली उतरताना कान गच्च होतात, आवंढा गिळला की मोकळे होतात. तीनशे मीटर उतरलं तर हवेचा दाब फार तर तीन-साडेतीन टक्क्यांनी वाढतो. पिशवीत तो तीस टक्क्यांनी वाढतो, आणि दीडच्या मशीनमध्ये पन्नास टक्क्यांनी.

कानाच्या पडद्यामागे हवेची एक छोटी बंद खोली असते. तिच्यातून एक बारीक नळी नाकाच्या मागच्या बाजूला उघडते. ही नळी एरवी मिटलेली असते. गिळलं किंवा जांभई दिली की क्षणभर उघडते आणि दोन्हीकडचा दाब सारखा होतो. मोठ्या माणसाला ‘नाक दाबून फुंका’ असं सांगता येतं. पाच वर्षांच्या मुलाला सांगणं अवघड, आणि सात-आठ शब्द बोलणाऱ्याला त्याहून अवघड. लहान मुलांची नळी मुळात अरुंद आणि बरीचशी आडवी असते. त्यात सर्दी असली किंवा नाकामागच्या गाठी सुजलेल्या असल्या, तर ती उघडतच नाही. मग पडदा आत ओढला जातो, लाल होतो, त्यातल्या बारीक रक्तवाहिन्या फुटतात, पडद्यामागे पाणी किंवा रक्त साठतं. अगदी पुढची पायरी म्हणजे पडदा फाटणं.

आता तुमचंच वाक्य परत वाचा. ‘पहिली दहा मिनिटं रडतो, मग गप्प होतो.’ दाब चढत असतो तीच ही दहा मिनिटं. पुढे दाब स्थिर होतो. रडता-रडता आवंढे गिळून कान मोकळे होत असतील, तर बरं. पण पडद्यामागे पाणी भरलं तरी दुखणं उतरतं, आणि पडदा फाटला तर ते एकदम थांबतं. गप्प होण्याची एवढी कारणं असताना सेंटरने त्यातून ‘सवय’ काढली आणि तुम्ही मान डोलावलीत. बावीस वेळा तो तुमच्याच मांडीवर होता, ताई.

मला राग येतो तो या ‘असतंच’चा. ऑटिझमचा शिक्का बसलेल्या मुलाची दाढ दुखली, पोट साफ झालं नाही, कान ठणकला, तरी सगळं त्या एकाच शब्दात टाकून मोकळं होतात. हात मारून घेणं ही ऑटिझममधली सवय असू शकते, हे खरंच आहे. पण नव्याने सुरू झालेलं, एकाच बाजूचं, दाबाच्या उपचारानंतरचं हात मारणं आधी दुखणं म्हणून तपासायचं असतं. ज्याच्याकडे ‘दुखतंय’ हा शब्द नाही, तो दुसरं काय करणार? त्याच्याकडे हात आहे, आणि तो बरोबर जागेवर पडतोय.

ऑक्सिजन चेंबर हा खराखुरा उपचार आहे. खोल पाण्यातून झटकन वर आलेले पाणबुडे, कार्बन मोनॉक्साइडची विषबाधा, मधुमेहाची न भरणारी जखम, रेडिएशनने झालेली इजा यांच्यासाठी तो वापरतात. जिथे तो नीट दिला जातो, तिथे पहिल्या सेशनआधी डॉक्टर दुर्बिणीने कान बघतात, सर्दी असेल तर सेशन पुढे ढकलतात, आणि कानाची तक्रार आली की दाब वाढवणं तिथेच थांबवतात. तुमच्या चार पानांत कान बघणाऱ्या डॉक्टरचा उल्लेख कुठेही नाही.

उद्याची तयारी आज करा. पहिला नंबर मागून घ्या, गर्दीत तासभर बसलेलं मूल कान दाखवत नाही. घरी बाहुलीच्या कानाजवळ टॉर्च धरून पाच अंक मोजा, मग तुमच्या कानाजवळ, मग त्याच्या. दवाखान्यात त्याला मांडीवर आडवा बसवा. त्याचे पाय तुमच्या मांड्यांमध्ये, तुमचा एक हात त्याच्या दोन्ही हातांवरून, दुसरा कपाळावर, डोकं तुमच्या छातीला टेकलेलं. डॉक्टरांना आधी डावा कान बघायला सांगा, दुखरा नंतर. टिंपॅनोमेट्री करून मागा. कानात रबरी टोक ठेवून पडदा किती हलतो ते बघतात, मिनिटभराचं काम आहे आणि मुलाने उत्तर द्यावं लागत नाही. ती हवीच, कारण पडद्यामागचं पाणी कित्येक आठवडे राहू शकतं आणि तेवढे दिवस सगळे आवाज दबून येतात. आठ शब्दांवरून नवव्याकडे जाऊ पाहणाऱ्या मुलाला हे परवडणारं नाही.

आणि कानात तेल घालू नका. लसूण घालून कोमट केलेलं तर मुळीच नाही, सासूबाईंनी वाटीत आणून ठेवलं तरी नाही. पडद्याला भोक असेल तर ते तेल सरळ आत जातं. इअरबड घालू नका, डॉक्टर बघेपर्यंत डोक्यावरून पाणी घेऊ नका. रात्री दुखून उठला तर पॅरासिटामॉल द्या, वजनाच्या दर किलोला १५ मिलिग्रॅम, दोन डोसांत सहा तासांचं अंतर. बाटलीवरची ताकद वाचून मोजा. ५ मिलिलिटरमध्ये १२० वाल्या आणि २५० वाल्या बाटल्या दिसायला सारख्याच असतात, चूक तिथेच होते. कान स्वच्छ निघाला तर डॉक्टरांकडून घसा बघून घ्या आणि त्याच दिवशी दातांच्या डॉक्टरकडे जा. खालच्या किडलेल्या दाढेची कळ कानात येते.

आता थेरपीबद्दल. सेंटरवाल्यांनी भिंतीवर लावलाय म्हणून तुम्ही लिहिलेला अमेरिकेतला अभ्यास २००९ सालचा आहे. ६२ मुलं, १.३ दाब, २४ टक्के ऑक्सिजन, चाळीस सेशन, आणि निष्कर्ष सुधारणेचा. त्याच्या शेजारी २०१० चा अभ्यास लावायला हवा होता. तोच दाब, तोच ऑक्सिजन, ऐंशी सेशन, आणि चेंबरमधली मुलं व दाब न वाढवलेल्या खोट्या चेंबरमधली मुलं यांच्यात फरक दिसला नाही. थायलंडमध्ये २०१२ मध्ये ६० मुलांवर तुम्हाला आता सुचवलेलाच प्रयोग झाला, दीडचा दाब आणि १०० टक्के ऑक्सिजन. वीस सेशननंतर दोन्ही गटांतली मुलं सुधारलेली दिसली, नुसती साधी हवा किंचित दाबाने मिळालेलीसुद्धा. कानाच्या किरकोळ इजा मात्र नोंदल्या गेल्या. ब्रिटनमध्ये उपचारांचे नियम ठरवणाऱ्या ‘नाइस’ या संस्थेने २०१३ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये मुलांच्या ऑटिझमसाठी हा उपचार वापरू नका असं स्पष्ट लिहिलं, आणि त्याच वर्षी अमेरिकेच्या एफडीए या औषध नियंत्रण संस्थेनेही पालकांना सावध केलं.

नजर मिळवण्याचं श्रेय मी हिरावून घेत नाही, योग्य ठिकाणी देते. दोन महिन्यांत बावीस वेळा, तासभर, फोन बाहेर ठेवून, स्वयंपाकाची घाई नसताना तुम्ही त्याला मांडीवर घेऊन बसलात आणि गाणी म्हटलीत. हे तुम्हीच तिसऱ्या पानावर लिहिलंय. शिवाय या वयाचं मूल दोन महिन्यांत वाढतंच. उरलं त्या पिशवीतल्या ऑक्सिजनचं. साधी हवा १.३ दाबाने घेणं म्हणजे बाहेर बसून सुमारे २७ टक्के ऑक्सिजन घेणं. नाकाला नळी लावून मिनिटाला दोन लिटर सोडला की साधारण तेवढा मिळतो. निरोगी मुलाच्या रक्तातलं हिमोग्लोबिन त्याआधीच ९७-९८ टक्के भरलेलं असतं.

काचेच्या मशीनचं मात्र नाव काढू नका. तिथे तुमची मांडी नसेल, तो एकटा आत आणि तुम्ही काचेबाहेर. शुद्ध ऑक्सिजनमध्ये आग लागायला सिंथेटिक कपड्याची ठिणगीही पुरते. म्हणून नीट चाललेल्या ठिकाणी फक्त सुती कपडे देतात, केसांना तेल चालत नाही, स्थिर वीज जमिनीत उतरवणारा पट्टा रुग्णाला बांधतात. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात ट्रॉय इथे अशा चेंबरला आतून आग लागली आणि पाच वर्षांचा मुलगा गेला. तुमच्या लेकाच्याच वयाचा. २००९ मध्ये फ्लोरिडात चार वर्षांचा सेरेब्रल पाल्सीचा मुलगा आणि त्याच्याबरोबर आत असलेली आजी अशाच आगीत गेले.

मिस्टरांचं म्हणाल तर त्यांची पाठ मी थोपटणार नाही. त्यांनी पैशाला नकार दिला, पण बावीस सेशनमध्ये एकदाही आत येऊन बसले नाहीत. बसले असते तर पहिल्या दहा मिनिटांत काय चाललंय ते त्यांना कळलं असतं. उद्या त्यांना सुट्टी घ्यायला लावा. एकाने मूल धरायचं, दुसऱ्याने डॉक्टरांशी बोलायचं.

सेंटरला आजच लेखी कळवा, उरलेली अठरा सेशन घेणार नाही, त्यांचे चोपन्न हजार परत करा. व्हॉट्सॲपवर लिहिलंत तरी चालेल, फोनवर बोलू नका. एफडी राहू द्या. महिन्याच्या व्याजातून स्पीच थेरपिस्टकडे जा आणि पहिल्याच भेटीत एक मागणं मागा, दुखणं सांगायची चित्रं. कान, दात, पोट, डोकं अशी चार, तळहाताएवढी, फ्रिजवर त्याच्या उंचीला लावलेली. ती दुखत नसताना शिकवायची. बाहुलीच्या कानाला पट्टी लावा, कानाच्या चित्रावर त्याचं बोट ठेवा आणि लगेच बाहुलीच्या कानावर फुंकर घाला. रोज दोनदा, पाच-पाच मिनिटं. मुलं दुखताना शिकत नाहीत, म्हणून घाई आज करायची. दिव्यांग प्रमाणपत्र काढलं नसेल तर सरकारी रुग्णालयातून काढा. त्यावर केंद्र सरकारच्या नॅशनल ट्रस्टची निरामय ही आरोग्य विमा योजना मिळते, वर्षाला एक लाखापर्यंत, त्यात थेरपीचा खर्चही येतो.

तुम्ही विचारलंत, आईने एवढं केलं तर चुकतं का. हा प्रश्न तुमच्याविषयीचा आहे, आणि तो महिनाभर थांबू शकतो. कान थांबू शकत नाही.

उद्या डॉक्टरांसमोर ‘याला ऑटिझम आहे आणि तो कानावर मारून घेतो’ अशी सुरुवात करू नका. अशी सुरुवात केलीत तर तेही ‘असतंच’ म्हणण्याची शक्यता आहे. सांगा, ‘दोन महिन्यांत बावीस वेळा १.३ च्या दाबात बसलाय, दाब चढताना रडतो, आणि आता त्याचा उजवा कान दुखतोय.’