देवाचे हिब्रू नाव आणि आपली प्रार्थना : वाचकांचे प्रश्न

नागपुरातल्या सदर, मोहननगर, जरीपटका, कुठूनही पत्र आले तरी प्रश्न तोच असतो: प्रार्थनेत देवाचे हिब्रू नाव घ्यायलाच हवे का? बहुतेकांनी मोबाइलवर कुणाचा तरी व्हिडिओ पाहिलेला असतो. म्हणून ही उत्तरे एकत्र देतो.

हिंदी उपासनेत ‘यहोवा’ म्हणतात, आमच्या मराठी मंडळीत ‘परमेश्वर’. हे दोन वेगळे आहेत का?

नाहीत. एकाच हिब्रू नावाच्या जागी हिंदी बायबलात ‘यहोवा’ छापतात आणि मराठीत ‘परमेश्वर’.

मग खरा उच्चार ‘यहोवा’ की ‘याव्हे’?

मूळ नाव चार अक्षरांचे आहे: योद, हे, वाव, हे. जुन्या करारात ते सुमारे ६,८०० वेळा येते. हिब्रूत पूर्वी स्वर लिहीत नसत. यहुद्यांनी आदरापोटी हे नाव उच्चारणे ख्रिस्तपूर्व काळातच सोडत आणले आणि त्याजागी ‘अदोनाय’, म्हणजे प्रभू, असे वाचायला सुरुवात केली. पुढे साधारण ६व्या ते १०व्या शतकात शास्त्र्यांनी स्वरचिन्हे घातली, तेव्हा या चार अक्षरांना ‘अदोनाय’चे स्वर दिले. वाचणाऱ्याला आठवण राहावी एवढाच हेतू. मध्ययुगीन ख्रिस्ती पंडितांनी दोन्ही एकत्र वाचले आणि ‘यहोवा’ तयार झाले. ‘याव्हे’ हा अभ्यासकांनी लावलेला उच्चार आहे. ५व्या शतकातल्या थिओडोरेटने शोमरोनी लोकांचा उच्चार ग्रीक लिपीत ‘याबे’ असा नोंदवला, हा त्याचा एक आधार. मला ‘याव्हे’ अधिक पटतो, पण तो अनुमानच आहे. ‘खरा उच्चार फक्त माझ्याकडे आहे’ म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नका.

आम्ही कॅथलिक. मिस्सात ‘याव्हे’ असलेले गीत गायले तर चालेल?

नाही. व्हॅटिकनच्या उपासनाविषयक विभागाने २९ जून २००८ रोजी जगभरच्या बिशप परिषदांना तसे कळवले आहे. गीताचे शब्द मात्र स्वतःच बदलू नका, आधी फादरना विचारा.

माझी आई अठ्ठ्याहत्तर वर्षांची. घरी प्रार्थनेला येणारे एक भाऊ म्हणाले, “‘परमेश्वर’ ही नुसती पदवी आहे. खरे नाव न घेतल्यामुळे तुमच्या आजवरच्या प्रार्थना पोहोचल्याच नाहीत. पुन्हा बाप्तिस्मा घ्या.” तेव्हापासून तिला झोप नाही. काय करू?

ताई, आजच आईजवळ बसा आणि तिला सांगा की तिची एकही प्रार्थना वाया गेलेली नाही.

आता त्या भावांसाठी. शिष्यांनी प्रार्थना शिकवायला सांगितली तेव्हा प्रभूने कोणता शब्द तोंडी दिला? “हे आमच्या स्वर्गातील पित्या.” गेथशेमानेत, घोर यातनेत, तो स्वतः “अब्बा” म्हणाला. प्रार्थना पोहोचणे उच्चारावर अवलंबून असते, तर हे त्याने शिष्यांपासून लपवून ठेवले असते का? योएल संदेष्ट्याचे वचन आहे, जो कोणी परमेश्वराचा धावा करील तो तरेल. तिथे हिब्रूत तीच चार अक्षरे आहेत. रोमकरांस पत्राच्या १०व्या अध्यायात पौल हेच वचन देतो आणि ग्रीकमध्ये ‘कुरिओस’, म्हणजे प्रभू, लिहितो. पौल हिब्रू जाणणारा, परूशांत वाढलेला. नव्या कराराच्या आज हाती असलेल्या एकाही ग्रीक हस्तलिखितात ती चार अक्षरे नाहीत.

देवाने मोशेला आपले नाव सांगितले आणि ते सर्वकाळचे आहे म्हटले, हे खरेच. म्हणून तर यहुदी लोक ते इतके जपतात. आपल्या कोकणातले मराठी बोलणारे बेने इस्राएल घ्या. २३वे स्तोत्र हिब्रूत वाचताना ‘दाविदाचे स्तोत्र’ या मथळ्यानंतर पहिलाच शब्द ती चार अक्षरे असतो. डोळा त्यांवर जातो आणि तोंडातून ‘अदोनाय’ येते. पिढ्यान्‌पिढ्या असेच चालले आहे. त्यांच्या प्रार्थना पोहोचत नाहीत, असे म्हणण्याचे धाडस हे भाऊ करतील का?

‘तुझा देव परमेश्वर ह्याचे नाव व्यर्थ घेऊ नको’ ही आज्ञा त्यांना पाठ असेल. त्याच नावाने एका म्हाताऱ्या बाईची झोप उडवणे, हे नाव व्यर्थ घेणेच आहे. मला याचा संताप येतो, कारण अशाने आयुष्यभर श्रद्धेने गुडघे टेकलेली माणसे शेवटच्या वर्षांत प्रार्थनाच सोडतात.

दुसऱ्या बाप्तिस्म्याला होकार देऊ नका. पाळकांना घरी बोलवा आणि त्या भावांना जे सांगायचे ते त्यांच्यासमोर सांगू द्या. आठवडाभरात आईची झोप परतली नाही, तर डॉक्टरांनाही दाखवा.

‘हालेलूया’ म्हणताना तरी नाव येतेच ना?

येते. त्यातला ‘याह’ हे त्याच नावाचे लघुरूप आहे. खुशाल म्हणा.

या चार अक्षरांचे लॉकेट ‘घराच्या संरक्षणासाठी’ विकत आहेत. घ्यावे का?

घेऊ नका. हा भीतीवर चालणारा धंदा आहे. ज्यांच्याकडून ही अक्षरे आली ते यहुदी, हे नाव लिहिलेला जीर्ण कागदही फेकत नाहीत, वेगळा ठेवून पुरतात. विकत घेतलेच असेल, तर कचऱ्यात न टाकता पाळकांकडे द्या.

मुलाला पाच दिवसांपासून ताप आहे. एकवीस दिवस हे नाव रोज शंभरदा घ्या, औषध नको, असे एका प्रार्थनागटात सांगितले. सुरू करू का?

बंधू, उत्तराची वाट पाहण्यात आधीच उशीर झाला आहे. हे वाचताय तेव्हाही ताप असेल तर लगेच मेयो किंवा मेडिकल, जे रुग्णालय जवळ असेल तिथे मुलाला न्या आणि डॉक्टर सांगतील त्या तपासण्या करा. याकोबाच्या पत्रात आजाऱ्यासाठी मंडळीच्या वडिलांना बोलवायला सांगितले आहे, तेव्हा पाळकांना फोन करून दवाखान्यातच बोलवा.