मुलाला 'ढ' म्हणतात, त्यावर काय करायचं?

तुम्ही विचारलंय: तिसरीतल्या मुलाला शाळेत आणि नातेवाइकांतही 'ढ' म्हणतात, आता तो स्वतःच तसं म्हणायला लागलाय; माणसं असे शिक्के का मारतात आणि हा पुसता येतो का? येतो. त्याला काही महिने लागतात, आणि आधी तो चिकटतो कसा ते समजून घ्यावं लागतं.

'ढ' हा शब्दच बघा. ब्राह्मीपासून देवनागरीपर्यंत येताना बाकीची अक्षरं वळणं बदलत गेली, ढ मात्र जवळजवळ होता तसाच राहिला, म्हणून ज्याच्यात काही फरक पडत नाही तो 'ढ', असं सांगतात. म्हणजे या शब्दात आजच्या चुकांपेक्षा पुढचं भाकीतच जास्त आहे: हा असाच राहणार. 'त्याला हातच्याची वजाबाकी जमत नाही' म्हटलं की माणूस वजाबाकी शिकवायला बसतो. 'तो ढ आहे' म्हटलं की करण्यासारखं काही उरतच नाही. ही सुटका सगळ्यांनाच सोयीची वाटते. त्यात आपली नजरही पक्षपाती असते. आपण उशिरा पोहोचलो तर रस्त्यात गर्दी होती, दुसरा उशिरा आला तर तो बेफिकीर. दुसऱ्याच्या वागण्यामागची परिस्थिती सोडून थेट स्वभावावर बोट ठेवायच्या या सवयीला मानसशास्त्रज्ञ ली रॉस यांनी 1977 मध्ये नाव दिलं, आणि तेव्हापासून त्यावर पुष्कळ अभ्यास झाला आहे.

शिक्क्यामुळे प्रत्यक्षात काय बिघडतं, यावर रॉबर्ट रोझेंथाल आणि लेनोर जेकबसन यांचा 1968 सालचा अमेरिकेतला अभ्यास प्रसिद्ध आहे. एका प्राथमिक शाळेतली सुमारे 20 टक्के मुलं चिठ्ठ्या टाकल्यासारखी निवडून 'ही यंदा झपाट्यानं पुढे जातील' असं शिक्षकांना सांगितलं. वर्षअखेरीस पहिली-दुसरीतल्या त्या मुलांचे गुण इतरांपेक्षा ठळकपणे वाढलेले दिसले. वरच्या वर्गांत तसा परिणाम दिसला नाही आणि चाचण्यांवर आक्षेपही घेतले गेले, त्यामुळे त्याला जादू समजू नका. उपयोगाचं आहे ते रोझेंथाल यांनी नंतर दिलेलं स्पष्टीकरण. ज्याच्याकडून अपेक्षा असते त्याच्याशी शिक्षक जास्त आपुलकीनं वागतात, त्याला जास्त शिकवतात, बोलायची जास्त संधी देतात आणि काय चुकलं ते नीट सांगतात. 'ढ' ठरलेल्या मुलाच्या वाट्याचं हे चारही घटतं, म्हणून ते खरोखर मागे पडतं, आणि मग सगळे म्हणतात, 'बघा, म्हटलं नव्हतं?'

आता कामाचं. सगळ्यात आधी डोळे आणि कान तपासून घ्या. फळ्यावरून उतरवताना चुका होतात पण पुस्तकातून उतरवताना होत नाहीत, असं असेल तर नजरेची शंका घ्या. मुलं तक्रार करत नाहीत, कारण सगळ्यांना असंच अंधुक दिसतं असं त्यांना वाटतं. वारंवार सर्दी होणाऱ्या मुलाच्या कानाच्या पडद्यामागे द्रव साचून ऐकू कमी येऊ शकतं, आणि ते 'लक्षच देत नाही' या सदरात जातं.

मग एक साधी वही करा, 15 दिवसांसाठी. चार रकाने: तारीख, काम, कुठे अडला, कशानं सुटलं. नियम एकच, विशेषण लिहायचं नाही. 'गणित कच्चं' असं लिहू नका. '43 वजा 17 सारख्या 6 उदाहरणांत 4 वेळा दशक सोडवायला विसरला. काड्यांचे गठ्ठे घेऊन केल्यावर 5 बरोबर' असं लिहा. पहिले तीन दिवस लिहिणाऱ्याचीच जास्त परीक्षा होते, हात सारखा 'आळशीपणा केला'कडे वळतो. त्या जागी काय दिसलं तेवढंच लिहा: '12 मिनिटांनी उठला, पेन्सिल शोधत राहिला'.

मराठीत काही गोष्टी मुळातच अवघड आहेत, त्या मुलाच्या नावावर टाकू नका. 'पंचवीस' म्हणताना पाच आधी येतात आणि वीस नंतर, म्हणून पुष्कळ मुलं 52 लिहितात. याच अडचणीपायी 2019 मध्ये बालभारतीनं दुसरीच्या गणितात 'वीस पाच' अशी संख्यावाचनाची पद्धत आणली होती, त्यावर केवढा वाद झाला तो आठवत असेल. घ-ध, भ-म, थ-य या सारख्या दिसणाऱ्या अक्षरांच्या जोड्याही तशाच.

पण नीट मदत करूनही सहा महिन्यांनंतर अक्षरांची अदलाबदल, जोडाक्षरांवर अडखळणं, तोंडी उत्तर बरोबर पण लेखी चूक हे तसंच राहिलं, तर अध्ययन अक्षमतेची, म्हणजे बुद्धी चांगली असूनही वाचन, लेखन किंवा गणित शिकताना येणाऱ्या अडचणीची, तपासणी करा. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात तिचा समावेश आहे आणि प्रमाणपत्र वयाच्या 8 वर्षांपासून मिळतं, म्हणजे तुमचं वेळेचं गणित बरोबर बसतंय.

बाईंना भेटायला जाताना ती वही सोबत न्या. 'तुम्ही त्याला ढ का म्हणता?' इथून सुरुवात केली तर त्या बचावात जातील आणि बोलणं तिथंच संपेल. वही दाखवून तीनच गोष्टी मागा: पहिल्या-दुसऱ्या बाकावर जागा, प्रश्न विचारल्यावर थोडं थांबणं, आणि आधी न सांगता वर्गासमोर मोठ्यानं वाचायला न लावणं. थांबण्याचं महत्त्व फार आहे. शिक्षक उत्तरासाठी सरासरी 1 सेकंदच थांबतात आणि कच्च्या समजल्या जाणाऱ्या मुलांसाठी त्याहून कमी, असं शिक्षण-संशोधक मेरी बड रो यांच्या निरीक्षणांत आढळलं. 3 सेकंद थांबलं तरी उत्तरं वाढतात. घरीही मनात पाचपर्यंत मोजा. एवढं करूनही अपमान चालूच राहिला तर शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 17 नुसार मुलाचा मानसिक छळ करायला मनाई आहे. मुख्याध्यापकांना लेखी अर्ज द्या आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या.

मुलगा 'मी ढ आहे' म्हणाला की आपण पटकन म्हणतो, 'नाही रे, तू हुशार आहेस!' प्रेमानंच म्हणतो, पण हाही शिक्काच. मानसशास्त्रज्ञ क्लॉडिया म्युलर आणि कॅरल ड्वेक यांच्या 1998 च्या प्रयोगांत बुद्धीचं कौतुक झालेली मुलं अवघड काम टाळू लागली आणि अपयशानंतर आणखी घसरली. मेहनतीचं कौतुक झालेली टिकून राहिली. त्यापेक्षा वही उघडून 5 तारखेचं आणि 19 तारखेचं पान शेजारी ठेवून दाखवा. नातेवाइकांसाठी एकच वाक्य ठरवून ठेवा आणि मुलासमोरच म्हणा: 'जोडाक्षरं वाचायला त्याला वेळ लागतो, रोज 10 मिनिटं सराव चालू आहे.' वाद घालू नका, दर वेळी तेच वाक्य.

तपासणीत डिस्लेक्सिया (वाचन-लेखनातली अध्ययन अक्षमता) निघाला तर तो शब्द कागदावरच राहू द्या, 'आमचा डिस्लेक्सियावाला' अशी ओळख करून देऊ नका. परीक्षेत जादा वेळ, लेखनिक अशा सवलती मात्र हक्कानं घ्या. प्रमाणपत्रासाठी वयाच्या 14 आणि 18 व्या वर्षी पुन्हा तपासणी करावी लागते. त्यातलं पहिलं वर्ष दहावीच्या तोंडावर येतं, तेव्हा ते आत्ताच वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवा.