आधी जमिनीवरून उठायला शिकवा

प्रश्न : माझं वय ४८. पाठदुखीसाठी योगासनं सुरू केली आणि त्यांचीच गोडी लागली. कॉलनीतल्या ज्येष्ठांसाठी सौम्य आसनांचा वर्ग घ्यावा असं फार वाटतं. पण मला शीर्षासन येत नाही, पश्चिमोत्तानासनात कपाळ गुडघ्याला टेकत नाही. मी शिक्षिका होऊ शकेन का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : ताई, नक्की होऊ शकाल. तुमच्याकडे येणाऱ्यांत कुणाला रक्तदाब असेल, कुणाला काचबिंदू. त्यांना शीर्षासन करूच द्यायचं नसतं.

माझ्या पहिल्या वर्षी एका आजींच्या पाठीवर हात ठेवून मी "अजून थोडं वाका" म्हणाले. पश्चिमोत्तानासनच होतं. दुसऱ्या दिवशी त्या आल्या नाहीत. त्यांची हाडं ठिसूळ झाली होती, पुढे गोल वाकणं त्यांच्या मणक्यांना धोक्याचं होतं. मी विचारलंच नव्हतं. त्याचं मला आजही वाईट वाटतं. तेव्हापासून पहिल्या दिवशी मी एकही आसन घेत नाही. वही घेऊन बसते : ऑपरेशन कोणतं झालं, गोळ्या कोणत्या चालू आहेत, हर्निया आहे का, उठताना चक्कर येते का. हर्निया असेल तर कपालभाती नाही, रक्तदाब असेल तर श्वास रोखणं नाही. शंका आली की त्यांच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय पुढे जायचं नाही.

आणि जमिनीवरून उठायला शिकवा. पडले तर उठता येणार नाही, ही भीती अनेकांच्या मनात असते, पण कुणी बोलून दाखवत नाही. शवासनानंतर कुशीवर वळायचं, दोन-चार श्वास तसंच थांबायचं. मग हाताने रेटून बसायचं, गुडघ्यांवर यायचं, दोन्ही तळहात खुर्चीच्या बैठकीवर, बळकट पाय पुढे, आणि सावकाश वर. खुर्ची लोखंडी हवी, भिंतीला टेकवलेली. प्लास्टिकची लादीवर सरकते. गुडघा बदललेल्यांना मात्र गुडघ्यांवर आणू नका, त्यांचा सगळा वर्ग खुर्चीवरच घ्या.

प्रशिक्षण घ्याच. लोणावळ्याचं कैवल्यधाम स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये काढलं. योगक्रियांचा शरीरावर काय परिणाम होतो हे प्रयोगशाळेत तपासण्याची परंपरा तिथली. आयुष मंत्रालयाच्या योग सर्टिफिकेशन बोर्डाच्या परीक्षाही आहेत. त्यात शिकवण्याच्या पायऱ्या वेगळ्या, थेरपीच्या वेगळ्या. तुम्ही प्रोटोकॉल इन्स्ट्रक्टर या शिकवण्याच्या सुरुवातीच्या पायरीपासून सुरुवात करा. आठवड्याभरात थेरपिस्ट करून देतो म्हणणाऱ्यांकडे कृपा करून जाऊ नका. कोर्स झाल्यावर एखाद्या जुन्या शिक्षकांच्या वर्गात वर्षभर नुसत्या सतरंज्या घाला, लोड लावा आणि लोकांकडे बघत राहा. कुणाचा श्वास अडकतोय, कोण दुखणं लपवतंय, हे तिथेच कळायला लागतं.

आज घरी एक करून बघा. जमिनीवर उताणं झोपा आणि उजवा हात न वापरता उठा. कुठे अडकलात ते वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.