१३ ऑगस्टच्या आत ते पत्र गेलं पाहिजे

सांगलीहून एका आईचं पत्र आलं आहे. त्यातला मजकूर थोडक्यात असा: "माझी मुलगी बारा वर्षांची. कुणीतरी तिचे फोटो वापरून तिच्या नावाने सोशल मीडियावर खोटं खातं उघडलं. फेब्रुवारीत कळलं तेव्हा आम्ही नातेवाइकांच्या ग्रुपवर स्क्रीनशॉट टाकून सगळ्यांना रिपोर्ट करायला सांगितलं आणि १४ फेब्रुवारीला खातं बंद झालं. मुलीला धमकीचे मेसेजही आले होते, पण यजमानांनी तिचा फोन फॉरमॅट करून टाकला. चार स्क्रीनशॉट तेवढे माझ्या बहिणीच्या फोनमध्ये आहेत. आता जुलैत पुन्हा नवं खातं निघालंय. त्यात चेहरा तिचा आणि शरीर भलत्याच कुणाचं. आमच्या सोसायटीतल्या दहावीच्या एका मुलावर संशय आहे. पाच महिने गेले, आता पोलीस तक्रार घेतील का? नव्या प्रायव्हसीच्या कायद्याखाली कंपनीवर दावा लावता येईल का?"

ताई, तक्रार घेतील. फौजदारी मुदतीची काळजी तुम्हाला आज नाही. तीन वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यालाही मुदत तीन वर्षांची असते. तुमची खरी मुदत वेगळीच आहे आणि ती तुम्ही विचारलेलीच नाही. ती १३ ऑगस्टला संपते. मी हे २४ जुलैला लिहिते आहे.

ती कुठून आली ते सांगते. २०२१च्या माहिती तंत्रज्ञान नियमांतल्या नियम ३ प्रमाणे, तक्रारीवरून काढून टाकलेला मजकूर आणि त्याच्याशी जोडलेल्या नोंदी कंपनीने तपासासाठी १८० दिवस जपून ठेवायच्या असतात. खातं बंद झालं तरी ते उघडताना दिलेली माहितीही तितकेच दिवस ठेवायची असते. खातं कुठल्या नंबरवरून, कुठल्या ई-मेलवरून उघडलं, कुठून लॉगिन झालं, हे कळण्याची जागा हीच. मुलीचा फोन कोरा झाल्यावर तर पहिल्या खात्याचा दुसरा माग जवळपास उरलेलाच नाही. १४ फेब्रुवारीपासून मोजलं तर १८०वा दिवस १३ ऑगस्ट येतो. त्यानंतर कंपनीने माहिती पुसली तर नियमाचा भंग होत नाही.

पण त्याच नियमात पुढे काही शब्द आहेत आणि तुमचं सगळं प्रकरण त्यांच्यावर उभं आहे: न्यायालयाने किंवा कायद्याने अधिकार असलेल्या सरकारी यंत्रणेने सांगितलं तर त्याहून अधिक काळ. म्हणजे १३ ऑगस्टच्या आत पोलिसांचं पत्र कंपनीकडे पोचलं तर तो पुरावा थांबतो. तुमचा किंवा माझ्यासारख्या वकिलाचा ई-मेल गेला तर कंपनी त्याला बांधील नाही.

म्हणून सायबर पोलीस ठाण्यात, किंवा जवळच्या कुठल्याही ठाण्यात, लेखी तक्रार द्या. तिच्यात एक स्वतंत्र परिच्छेद असू द्या: पहिल्या खात्याची आणि दुसऱ्या खात्याची नोंदणी व लॉगिनची माहिती जपून ठेवण्याबाबत कंपनीला तातडीने पत्र द्यावं, पहिल्या खात्याचे १८० दिवस १३ ऑगस्टला संपत आहेत. तारीख ठळक लिहा. आवक क्रमांक आणि शिक्क्यासह पोच घेतल्याशिवाय घरी येऊ नका. "निरीक्षक साहेब नाहीत, उद्या या" असं सांगतील. माहिती तंत्रज्ञान (आयटी) कायद्याच्या गुन्ह्याचा तपास निरीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याने करायचा असतो हे खरं, पण फिर्याद नोंदवून घ्यायला निरीक्षक लागत नाही. नोंद नाकारली तर तोच अर्ज त्याच दिवशी पोलीस अधीक्षकांना स्पीड पोस्टाने पाठवा. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३मध्ये ही तरतूद आहे. त्यापुढे दंडाधिकाऱ्यांकडे जाता येतं, पण तिथे तारीख मिळेपर्यंत ऑगस्ट उलटेल, म्हणून तो रस्ता शेवटचा. राष्ट्रीय सायबर पोर्टलवरही नोंद करा, पण नाव-नंबर देऊन. निनावी तक्रारीचा पाठपुरावा तुम्हाला करता येणार नाही.

फिर्याद अज्ञात व्यक्तीविरुद्ध द्या. त्या मुलाचं नाव आरोपी म्हणून घालू नका, संशय आणि त्याची कारणं वेगळी लिहा. एक तर तुमच्याकडे पुरावा नाही. दुसरं म्हणजे आरोपी अल्पवयीन आहे असं सुरुवातीलाच ठरवलं, तर अशा बऱ्याच गुन्ह्यांत एफआयआर न होता ठाण्याच्या दैनंदिनीत नोंद होऊन कागद बाल न्याय मंडळाकडे जातात, आणि त्या वाटेवर कंपनीला पत्र लिहायची घाई कुणालाच नसते. त्या मुलाचं आयुष्य बिघडेल ही भीती तुमच्या पत्रात दोनदा आली आहे. तोच असल्याचं निघालं तरी बाल न्याय कायद्याने त्याच्या पुढच्या शिक्षण-नोकरीवर डाग राहू नये अशी सोय केलेली आहे. त्याची काळजी कायदा घेईल, तुम्ही तुमच्या मुलीची घ्या.

आता थोडं रागावून सांगते, कारण हेच मी महिन्यातून दोन-तीनदा वाचते. तुमच्या मुलीचे पोहण्याच्या तलावावरचे, शाळेच्या गणवेशातले, वाढदिवसाचे फोटो तुमच्याच खात्यावर सगळ्यांना दिसत होते, हे तुम्हीच लिहिलं आहे. फोन फॉरमॅट झाला तोही काळजीपोटी, हे मला समजतं. पण दोन्हीचा फायदा त्या माणसाला झाला. यापुढे खातं खाजगी करा, मात्र मूळ फोटो पुसू नका. नव्या खात्यावरचं चित्र बनावट आहे हे दाखवायला तुमच्या फोनमधला तारखेचा मूळ फोटोच कामी येईल.

आणि नवी चित्रं कृपा करून ग्रुपवर टाकू नका, मावशीलाही नको, वर्गशिक्षिकेलाही नको. लहान मुलाचं अश्लील चित्र पुढे पाठवणं आयटी कायद्याच्या कलम ६७ब खाली येतं, मग पाठवणारी आई का असेना. सर्वोच्च न्यायालयाने २३ सप्टेंबर २०२४च्या निकालात असं साहित्य नुसतं जवळ बाळगण्याबद्दलही कडक भूमिका घेतली आहे. खात्याची आणि प्रत्येक पोस्टची वेगवेगळी लिंक, तारीख आणि वेळ कागदावर उतरवा, कारण खात्याचं नाव बदलता येतं. चित्र पोलिसांना फोनवरच दाखवा. लिंक उतरवून झाल्या की लगेच कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करा. अशा बनावट नग्न चित्रांसाठी नियमातली मुदत दिवसांत नाही, तासांत मोजलेली आहे. नव्या खात्याच्या नोंदींचे १८० दिवसही त्यानंतर नव्याने सुरू होतील.

बहिणीचा फोन तसाच ठेवा, विकू नका, अपडेटसुद्धा काही दिवस करू नका. जालन्याच्या निवडणूक वादातून आलेल्या खोतकर विरुद्ध गोरंट्याल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०२०मध्ये स्पष्ट केलं की मूळ उपकरण न्यायालयात आणून त्याच्या मालकाने साक्ष दिली तर इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत जोडायच्या प्रमाणपत्राची गरज नाही. प्रिंट किंवा पेनड्राइव्ह द्यायचा तर प्रमाणपत्र हवंच. आता ते भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या, म्हणजे पुराव्याच्या नव्या कायद्याच्या, कलम ६३ खाली लागतं आणि त्यात तज्ज्ञाचाही भाग असतो. त्या चार स्क्रीनशॉटचं वजन किती ठरेल ते आज सांगता येत नाही.

प्रायव्हसीच्या कायद्याचा, म्हणजे डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याचा, विचार सध्या सोडा. मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती घ्यायला लावणाऱ्या तरतुदी त्यात आहेत, पण नियम नोव्हेंबर २०२५मध्ये आले आणि कंपन्यांवरची मुख्य बंधनं त्यानंतर १८ महिन्यांनी लागू व्हायची आहेत. शिवाय तुमचा गुन्हेगार कंपनी नाही, एक माणूस आहे. तुमचा कायदा पोक्सो, म्हणजे मुलांना लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण देणारा कायदा. त्याच्या कलम १९ प्रमाणे गुन्हा कळल्यावर कळवणं बंधनकारक आहे. "आपसात मिटवा" म्हणणाऱ्या शाळेलाही हे लेखी कळवा.

यजमानांची भीती मुलीच्या बदनामीची. तिचा जबाब घरी घेता येतो, शक्यतो महिला अधिकाऱ्याने आणि गणवेशाशिवाय, आणि तिची ओळख उघड करायला बंदी आहे. खटला एका वर्षात संपावा असं कायदा म्हणतो, पण मी तसं आश्वासन देणार नाही. माझ्याकडच्या एका मुलीची तक्रार ती सातवीत असताना झाली, आणि साक्षीला ती उभी राहिली तेव्हा तिची बारावीची परीक्षा तोंडावर होती. पाच वर्षं कपाटात जपलेला जुना फोन तिच्या आईने न्यायालयात काढून ठेवला, म्हणून तिची साक्ष टिकली.

पोच मिळाली की तिच्यावरची तारीख मला कळवा. आठ दिवसांत पोलिसांचं पत्र कंपनीकडे गेलं नाही, तर अधीक्षकांकडच्या अर्जाचा मसुदा मी करून देते.