विश्रांतीतला ईईजी आणि स्मृतिचाचणी: आधी एकच आकडा ठरवा

बडोद्यातल्या 30 विद्यार्थ्यांचा ईईजी (मेंदूतल्या विद्युत लहरींची डोक्यावरून घेतलेली नोंद) काढून ‘कोणत्या लहरी चांगल्या स्मृतीशी जुळतात’ ते पाहायचा बेत तुम्ही मांडलाय. गोची त्या ‘कोणत्या’मध्येच आहे. 19 इलेक्ट्रोड, लहरींच्या वारंवारतेचे 5 पट्टे, डोळे उघडे आणि मिटलेले, असे स्मृतीच्या गुणांशी 190 सहसंबंध झाले. मुळात काहीच नातं नसलं तरी 5 टक्क्यांच्या हिशेबानं नऊ-दहा ‘सार्थ’ (निव्वळ योगायोग वाटू नयेत असे) निघतीलच. शोधनिबंधात मग तेवढेच छापले जातात!

त्यापेक्षा एकच जोडी आधी लिहून ठेवा: डोळे मिटलेले असताना डोक्याच्या मागच्या भागातल्या अल्फाची (निवांत जागेपणी दिसणाऱ्या लहरींची) शिखर-वारंवारता, म्हणजे ज्या वारंवारतेला त्या सर्वांत जोरदार असतात ती, आणि अंक उलट क्रमानं सांगायची चाचणी. मेंदूलहरींचे संशोधक क्लिमेश यांच्या 1999 च्या आढाव्यात स्मृतीत सरस असलेल्यांचं अल्फा-शिखर साधारण 1 हर्ट्झनं वर सांगितलंय. नंतरचे निकाल मात्र एकसारखे नाहीत. शिवाय 30 जणांत सहसंबंध 0.36 च्या वर गेला तरच सार्थ ठरतो. खरं नातं 0.3 इतकंच असेल तर ते पकडायला 85 च्या आसपास मुलं लागतील. दोन वर्गांची परवानगी आधीच काढा.

फरक 1 हर्ट्झचा शोधायचाय, म्हणून विश्लेषणासाठी नोंदीचे 2 सेकंदांचे तुकडे घेऊ नका. त्यात वारंवारतेची मोजपट्टीच अर्ध्या हर्ट्झची होते. 4 सेकंदांचे घ्या, म्हणजे 0.25 ची मिळेल. डोळे मिटून 3 मिनिटांची नोंद पुरते. जास्त वेळ बसवलं की मुलं पेंगतात, अल्फा विरतो, थीटा (अल्फाहून संथ लहरी) वर येतो, आणि तुम्ही ती झोप ‘कमी स्मृती’च्या खात्यात टाकता. नवरात्रात तर नोंदी घेऊच नका. रात्री गरबा खेळून आलेला विद्यार्थी सकाळी अकराला काय जागा असणार? चहा-कॉफीची वेळही विचारून लिहा, कॅफिननं अल्फाची ताकद घटते.

आदल्या दिवशी डोकं धुऊन यायला सांगा, तेल नको. इलेक्ट्रोड आणि त्वचेमधला विद्युत रोध 5 किलोओहमखाली आणा. उन्हाळ्यात घामामुळे रेषा हळूहळू वाहत जाते, तेव्हा खोली आधीच थंड करून ठेवा. वीजपुरवठ्याचा 50 हर्ट्झचा गोंगाट गाळता येतो; पापण्यांच्या झटक्यांसाठी 100 मायक्रोव्होल्टच्या पलीकडचे तुकडे सरळ वगळा.

अंकचाचणीत आणखी एक खाच आहे. घरी मराठी, शाळेत गुजराती, कॉलेजात इंग्रजी अशी मुलं आपल्याकडे पुष्कळ. अंक उच्चारायला जितका वेळ जास्त, तितके कमी लक्षात राहतात. म्हणून एकतर सगळ्यांना एकच भाषा ठेवा, नाहीतर प्रत्येकाची भाषा नोंदवून विश्लेषणात घ्या. अंक सेकंदाला एक या वेगानं, ध्वनिमुद्रणावरून ऐकवा.

काहींच्या आलेखात अल्फाचं शिखर दिसणारच नाही. तिथे 10 हर्ट्झ भरून मोकळे होऊ नका. त्यांना शिखराच्या हिशेबातून वगळा आणि असे किती होते ते स्पष्ट लिहा.